आधी नाव, मग ‘शी’

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नळदुर्ग ते अणदूर या हमरस्त्यावरून, ट्रकांच्या आणि उसाच्या ट्रॅक्टरांच्या गर्दीतून, एक मनुष्य वर्षानुवर्षे एकच इंग्रजी शब्द सायकलवर घालून शाळेत आणत होता. शब्द एकाच अक्षराचा होता. ‘शी’. या वाहतुकीची नोंद जिल्ह्याच्या कुठल्याही दप्तरात नाही, म्हणून ती मी येथे करीत आहे. वाचकांनी उभे राहण्याची गरज नाही. मोबाइल मात्र बंद ठेवावेत.

ते आमचे इंग्रजीचे सर. त्यांचं नाव मी सांगणार नाही. जवळच्या माणसाचं नाव न घेता आयुष्य काढता येतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

सर राहायला नळदुर्गला, किल्ल्याच्या अंगाला, आणि शाळा अणदूरला. सायकलच्या चेनमध्ये पॅन्ट अडकू नये म्हणून दोन्ही पायांना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावलेले असत. शाळेत आल्यावर ते काढायचं सर विसरत आणि दिवसभर तसेच वर्गावर्गांतून हिंडत. हेडमास्तरांनी एकदा हळूच सुचवलं, तर म्हणाले, “राहू द्या. संध्याकाळी परत लावायचेच आहेत.”

कॅरिअरला टॉवेलात गुंडाळलेला एक जाडजूड शब्दकोश असे. पाऊस आला की सर स्वतः भिजत आणि शब्दकोशावर खताची रिकामी गोणी घालत. वर्गात आले की पहिल्यांदा टॉवेल सोडत, शब्दकोश टेबलावर ठेवत आणि त्याच टॉवेलानं कपाळ पुसत. विद्येचा आणि घामाचा टॉवेल एकच.

‘शी’ शिकवायचा दिवस आला, की वर्गात काय होणार हे मराठी वाचकाला सांगायला नको. सरांनी फळ्यावर शब्द लिहिला, मोठ्यानं वाचला, आणि साठ पोरं बाकांवर लोळायला लागली. सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

“हसून घ्या. पाच मिनिटं देतो. वर्षभराचं आत्ताच हसा. नंतर या शब्दाला कुणी हसायचं नाही.”

हुकमावरून हसणं किती अवघड असतं, ते मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या मिनिटाला आवाज बसला, तिसऱ्याला आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. चौथ्या मिनिटाला एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, हसू संपलं.”

“बरं. आता गंभीर गोष्ट ऐका. पुरुषासाठी इंग्रज जो शब्द वापरतो, त्याचं खानदान सापडतं. हजार वर्षांपूर्वी तो होता, जवळजवळ असाच होता. वस्तूसाठीच्या ‘इट’चंही तसंच. पण आपली ‘शी’? हिचं माहेर नक्की कुठलं, ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.”

आणि सर सांगत गेले. जुन्या इंग्रजीत बाईसाठी दुसराच शब्द होता, ‘हेओ’ असा काहीतरी. बोलता बोलता तो झिजला. काही भागांत तर इतका झिजला, की पुरुषाच्या शब्दात आणि त्याच्यात फरक कळेना. बाई आली की बाप्या आला, ऐकणाऱ्याला पत्ता लागेना. आणि मग कुठून तरी ‘शी’ आली. कुणी म्हणतं, त्या झिजलेल्या शब्दाचाच उच्चार पालटला. कुणी म्हणतं, लांबच्या बाईकडं बोट दाखवायचा एक निराळा शब्द होता, त्यातून ही निघाली. कुणी म्हणतं, समुद्रापलीकडून येऊन राहिलेल्या लोकांच्या जिभेचा हा परिणाम. मोठमोठे विद्वान यावर भांडत बसले आहेत, निकाल नाही.

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “मग पोलिसात द्यावं की, सर!”

“कसं देणार? तक्रार लिहायची तर आधी नाव लागतं.”

हे म्हणताना सर हसले नाहीत. फळ्याकडं वळले आणि त्यांनी त्यांचा कायदा लिहिला. पुढं आमच्या सगळ्या बॅचनं तो आयुष्यभर लक्षात ठेवला. आधी नाव, मग ‘शी’.

“सर्वनाम नावाच्या जागेवर बसतं. ती जागा मुळात नावाची. नाव न सांगता ‘शी’ लिहिणं म्हणजे रिकाम्या पाटासमोर ताट वाढणं. माझ्या वर्गात ते चालणार नाही.”

आणि चाललं नाही. ज्याच्या वहीत नावाआधी ‘शी’ आली, त्याला सर लाल फुली मारत नसत. त्या ‘शी’च्या डोक्यावर एक छोटा रिकामा चौकोन काढत. तो चौकोन भरून आणायचा. ज्या बाईबद्दल लिहिलंय तिला जाऊन नाव विचारायचं आणि तिच्याच तोंडून आलेलं नाव त्यात लिहायचं.

माझ्या वाट्याला पहिला चौकोन आला तो शाळेची घंटा वाजवणाऱ्या मावशींचा. मी लिहिलं होतं, ‘शी रिंग्ज द बेल’. वाक्य बिनचूक होतं. पण मावशींना नाव असतं हे मला ठाऊक नव्हतं. शाळेत कुणालाच नव्हतं. मधल्या सुट्टीत मी विचारायला गेलो, तर त्यांनी घंटेचा लोखंडी दांडा छातीशी धरला.

“का रं? म्या काय केलं? कालची घंटा दोन मिन्टं उशिरा झाली, त्याचं एवढं?”

“तसं नाही मावशी, इंग्रजीला पाहिजे.”

“इंग्रजीला माझं नाव कशाला पाहिजे? आधी नाव लिवून घेत्यात, मंग अंगठा घेत्यात, मंग घरी बसा म्हणत्यात. मला म्हाईत न्हाय व्हय? जा, न्हाय सांगत.”

दोन दिवस मी मागं लागलो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मला पाण्याच्या टाकीमागं बोलावलं, इकडंतिकडं बघितलं आणि चोरीचा माल द्यावा तसं हळूच सांगितलं, “केशर. पर कुणाला सांगू नगंस.”

मी अर्थातच साठजणांना सांगितलं, कारण सरांनी वाक्यं मोठ्यानं वाचायला लावली. ‘केशर रिंग्ज द बेल. शी इज स्ट्रॉन्ग.’ केशरबाई दाराबाहेरच उभ्या होत्या. त्या दिवशी शाळा सुटायची घंटा त्यांनी इतका वेळ वाजवली, की रस्त्यापलीकडच्या प्राथमिक शाळेतली पोरंसुद्धा दप्तरं उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून सर त्यांना ‘केशरबाई’ म्हणायला लागले, मग हेडमास्तर म्हणायला लागले. मावशी हा शब्द त्या आवारातून गेला तो गेलाच.

सरांची खोड एवढ्यावर थांबणारी नव्हती. एकदा म्हणाले, “खलाशी लोक जहाजाला ‘शी’ म्हणतात. सगळं आयुष्य जिच्या भरवशावर टाकलं, तिला वस्तू कसं म्हणायचं? आता आपल्याकडं समुद्र नाही. बोरी नदी आहे, ती उन्हाळ्यात चप्पल हातात घेऊन ओलांडता येते. मग आपण एसटीला म्हणायचं.”

आम्ही खुशीत वह्या उघडल्या, तर सरांनी हात वर केला. “आधी नाव!”

सकाळच्या गाडीचं नाव आम्ही बहुमतानं ठकूबाई ठेवलं. ‘ठकूबाई इज लेट. शी इज ऑल्वेज लेट.’ ही गोष्ट कंडक्टरच्या कानावर गेली. आठवडाभरानं तो स्वतःच घंटी मारून ओरडायला लागला, “चला, ठकूबाई निघाल्या!”

सरांच्या सायकललाही नाव होतं. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटनं, शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं. सोजर. आमच्याकडच्या खेड्यांतून तेव्हा सोजर नावाच्या पुष्कळ बाया होत्या, सायकल मात्र ही एकच. सर तिच्याशी बोलत. चढ आला की “चल, सोजर”. मागून ट्रक आला की “हळू, सोजर”. पंक्चर झाली की स्टाफरूममध्ये सांगत, “आज सोजर रुसली.” आम्ही पोरं शाळेच्या फाटकाशी त्यांच्या येण्याची वाट बघत उभं राहायचो आणि ते उतरले की एका सुरात ओरडायचो, “गुड मॉर्निंग सर, गुड मॉर्निंग सोजर!” सर दोघांच्या वतीनं उत्तर द्यायचे.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणजे तेव्हा मला वाटलेली. ज्या माणसानं साठ पोरांना दारोदार पाठवून बायकांची नावं गोळा केली, त्यानं स्वतःच्या बायकोचं नाव कधीही घेतलं नव्हतं. सर ‘घरात’ म्हणायचे. “घरात विचारून सांगतो.” “आज घरात बरं नाही.” गणिताचे मास्तर त्यांची टिंगल करायचे, “काय हो सर, तुमच्या घराला ताप येतो, तुमचं घर बाजाराला जातं. आमचं बिचारं एका जागी उभं असतं.” सर हसायचे आणि टॉवेल घडी करायला लागायचे.

मी आठवीत होतो आणि अंगात किडे होते. एका दुपारी मी उभा राहिलो. आवाज शक्य तितका निरागस केला.

“सर, तुमच्या घरच्यांवर पाच वाक्यं लिहायची आहेत. पहिल्या वाक्यात नाव काय लिहू?”

साठ पोरांनी एकदम श्वास आत घेतला. मला वाटलं, मारतील. सरांनी खडू उचलला. फळ्यावर एक चौकोन काढला. रिकामा. मग म्हणाले, “हा प्रश्न तुझ्याकडं सांभाळून ठेव. मला उत्तर येत नाही.” आणि तास संपायच्या आत शब्दकोश न गुंडाळताच निघून गेले. चौकोन दुसऱ्या दिवशीपर्यंत फळ्यावर होता. कुणी पुसला नाही.

या गोष्टीला आता तीस वर्षं झाली. मी धाराशिवला कॉलेजच्या ऑफिसात आहे. लोकांच्या लग्नात आणि सत्कारात माइक हातात मिळाला की सोडत नाही. गेल्या पौषात एसटी स्टँडवर केशरबाई भेटल्या. केस पांढरे, दांडा धरलेला हात मात्र तसाच दणकट. त्यांनी माझं मनगट धरलं.

“तुमचं इंग्रजीचं मास्तर लई खचल्यात रं. त्यांच्या घरच्या बाईंचं डोस्कं गेलंय, काय ध्यानात ऱ्हाईना. चार दिस झालं, बाई चा-पाण्याबिगर काय घेत न्हाईत. तू बोलतूस चांगलं. जाऊन ये.”

मी नळदुर्गला गेलो.

अंगणात भिंतीला टेकून सायकल उभी होती. टायरमध्ये हवा नव्हती, पण मडगार्डवरचं नाव ताज्या रंगाचं होतं. ओट्यावर बाई बसल्या होत्या, रस्त्याकडं तोंड करून. त्यांच्या पुढ्यात सर, हातात ताट, ताटात दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी.

“एक घास. बघा, मऊ केलीय.”

बाईंनी तोंड फिरवलं. अगदी सभ्यपणानं म्हणाल्या, “परक्या मान्साच्या हातचं खात न्हाय म्या. आमचे मास्तर शाळंत गेल्यात. ते आल्यावर खाईन.”

सरांनी ताट झाकून ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. लगेच ओळखलं. “ये. बस.”

आम्ही ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. मुलगा पुण्याहून उद्या येणार होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर सोलापूरला न्या, नाकातून नळी घालावी लागेल. सर हे सगळं फळ्यावर उत्तर लिहावं तसं सांगत होते.

“नर्सबाई येते, ती सुलोचनाबाई, सुलोचनाबाई अशा हाका मारते. ही बघतसुद्धा नाही. बघणार कशी? ते तिचं नाव नाही.”

“मग?”

सर हळू आवाजात बोलायला लागले. “आमच्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मी नुकताच बी.ए. झालेला. इंग्रजी घेऊन. तिचं माहेरचं नाव मला गावंढळ वाटलं. चार मास्तरांत सांगायचं कसं? म्हणून मी सुलोचना लिहिलं. त्या घडीला पहिलं नाव गेलं. आणि दुसरं नाव मी कधी घेतलं नाही. घरात आई होती, वडील होते. त्यांच्यासमोर बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. ते गेले तरी जीभ वळेना.”

बाई रस्त्याकडं बघत होत्या.

“त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा तिचं माहेर गेलं. लोहाऱ्याकडचं गाव. मी पोचलो तर घर नव्हतंच, दगड होते. चावडीपुढं एकजण गेलेल्यांची यादी लिहीत बसला होता. मला म्हणाला, सासूबाईंचं नाव सांगा. मला येईना. कितीतरी वर्षं त्यांच्या हातचं जेवलो होतो, मामी म्हणत होतो. नाव येईना. शेजारचा एक म्हातारा म्हणाला, लिहा, सोजरची आई. त्यानं तेच लिहिलं.”

मी सायकलकडं बघितलं.

“हो,” सर म्हणाले. “घरी आल्यावर हिला आईचं नाव विचारलं, हिनं सांगितलं, चंद्रभागा. परत जाऊन यादीत लिहून आलो. पण माझ्या डोक्यातनं दुसरंच जाईना. तिला सोजर म्हणून हाक मारणारी सगळी माणसं त्या यादीत होती. आता ते नाव घेणारं कुणी उरलं नव्हतं. म्हटलं, कुणीतरी रोज घ्यायला पाहिजे. तिला म्हणायला तोंड उघडेना. मग रंगाचा डबा आणला.”

“त्यांना माहीत आहे?”

“तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. रोज सकाळी दारात ‘चल, सोजर’ म्हणून निघायचो. ही आत भाकरी थापत असायची.”

मग माझ्या ध्यानात आलं. चौकोनांचा कायदा भूकंपाच्या पुढच्याच वर्षी सुरू झाला होता. आम्ही त्याला सरांचा विक्षिप्तपणा समजत होतो.

सभेत राहतो तसा मी उभा राहिलो. “सर, तुम्ही मला एक प्रश्न सांभाळायला दिला होता. आठवीत. तो मी परत आणलाय. पहिल्या वाक्यात नाव काय लिहू?”

सरांनी सायकलकडं बघितलं. “सायकलला निघतं रे तोंडातनं,” ते म्हणाले. “तिला निघत नाही.”

“मग सायकलपासून सुरुवात करा.”

सर उठले. अंगणात गेले आणि दोन्ही हातांनी हँडल धरलं. सवयीनं खाली वाकून पॅन्टचे पाय चाचपले, चिमटे नव्हते. हँडलकडं बघून, रोज म्हणत तसं हलक्यानं म्हणाले, “सोजर.”

बाई हलल्या नाहीत.

“सर, तिकडं बघून.”

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं आम्ही वही विसरल्यावर त्यांच्याकडं बघायचो. मग हँडल सोडलं. सायकल भिंतीवरून घसरली आणि घंटी वाजवत फरशीवर पडली. ती उचलायला सर वाकले नाहीत. ओट्याकडं वळले. सत्तरीचा माणूस, हात दोन्ही बाजूंना मोकळे, कविता पाठ म्हणायला उभं केलेल्या पोरासारखा. आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्यांनी हाक मारली.

“सोजर!”

बाईंची मान वळली. आधी त्यांनी पडलेल्या सायकलकडं बघितलं, मग सरांकडं. डोळे बारीक केले, पदर सारखा केला. चार दिवसांत पहिल्यांदा तो आवाज घरधनिणीचा होता.

“सायकलीला म्हणताय, का मला? मला म्हणत असाल, तर ताट हिकडं आणा.”